रिकाम्या रांगेचा सिद्धान्त

माणसाच्या सगळ्या दुःखांचं मूळ एकच आहे: त्याला रिकामी जागा रिकामी ठेवता येत नाही. राज्यं याच कारणाने बुडाली, संसार याच कारणाने विस्कटले, आणि भल्याभल्या विद्वानांची डोकी याच कारणाने बिघडली.

हा सिद्धान्त मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला, तेव्हा स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "म्हणजे आजही हरलात?"

हरलो होतो. जेवणाच्या टेबलावर बावन्न पत्ते तोंड वर करून माझ्याकडे बघत होते आणि त्यांतला एकही हलायला तयार नव्हता.

निवृत्त झाल्यावर कुणी बागेत रमतं, कुणी देवात, कुणी दुसऱ्याच्या घरात. मी एकट्याने खेळायचे पत्ते धरले. हरलो तरी गोष्ट घरातल्या घरात राहते. सोपे डाव मला जमेनात, म्हणून मी ते पोरकट ठरवले. अवघड डावांना पत्त्यांचे दोन जोड लागतात आणि आमचं टेबल लहान. उरला मधल्या दर्जाचा फ्रीसेल. माझी एकूण कारकीर्दही त्याच दर्जाची असल्यामुळे आमचं जमलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. थोडक्यात सांगणं मला जमत नाही असं घरातले म्हणतात, पण घरातल्यांचं किती ऐकायचं. सगळे पत्ते उघडे, आठ रांगांत मांडायचे. लपवाछपवी नाही. रांगेत उतरत्या क्रमाने, काळ्यावर लाल आणि लालवर काळा असे पत्ते लावत जायचे आणि खाली गाडले गेलेले एक्के सोडवून प्रत्येक रंगाची गड्डी एक्क्यापासून राजापर्यंत चढवायची. मदतीला चार मोकळी घरं असतात. एका घरात एकच पत्ता, तोही तात्पुरता. आणि नशिबाने एखादी रांग पूर्ण रिकामी झालीच, तर तिच्यासारखी दौलत नाही.

या खेळाची खरी मेख अशी की जवळजवळ प्रत्येक डाव सुटतोच. इतर खेळांत पिसणाऱ्याला, पत्त्यांना, ग्रहांना शिव्या देता येतात. इथे डाव अडला की आरशाकडे बघावं लागतं. हे ज्याने शोधून काढलं त्याला सुखी माणसं बघवत नसावीत.

तरी अनुभवाने मी काही नियम बांधले होते. पहिला पत्ता हलवण्याआधी हात मांडीखाली ठेवून सगळे एक्के आणि दुर्र्या कुठे गाडल्यात ते बघायचं. मोकळी घरं ही उसनवारी समजायची; भरताना हात चुरचुरला पाहिजे. चौथं घर भरलं की समजायचं, आपण आता खेळत नाही, नुसते बसलोय. हाताशी आलेला पत्ता घाईने वरच्या गड्डीत पाठवायचा नाही, कारण त्याच्यावर अजून कुणीतरी येऊन बसणार असतं. आणि रिकामी रांग शेवटपर्यंत जपायची. हे सगळे नियम मला पाठ होते आणि रोज दुपारी मी ते एकेक करून मोडायचो.

"तुम्ही नियम खेळायच्या आधी म्हणता की हरल्यावर?" बायको विचारायची.

"दोन्ही वेळा."

"मग मधे काय म्हणता?"

मधे मी काही म्हणत नसे. मधे मला वाटायचं, या वेळेपुरतं चालेल.

अशात बायको अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचा सांधा बदलावा लागला. शस्त्रक्रिया नीट झाली. घरी सोडायच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर पथ्यं सांगून गेले: काही आठवडे जिना चढायचा नाही, बुटक्या खुर्चीवर किंवा सोफ्यावर बसायचं नाही, झोपायला उंच पलंग हवा, आणि वॉकर घेऊन रोज चालायचं. आमच्या घरात उंच पलंग एकच, तो वरच्या मजल्यावर. खाली जे काही आहे ते सगळं बुटकं.

खाटेच्या दुसऱ्या बाजूला माझी मेव्हणी बसली होती. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. शाळेतून निवृत्त झाली, मुख्याध्यापिकापणातून नाही. आम्ही तिला हेडबाई म्हणतो, अर्थात ती खोलीत नसताना.

"ताईला मी माझ्याकडे नेते," ती म्हणाली. "तळमजला आहे, पलंग उंच करून घेतलाय, मदतीला बाई येते. दोन महिने राहू दे. मग बघू."

दोन महिने. मी बायकोकडे बघितलं. ती खिडकीकडे बघत होती.

एकट्याने खेळायच्या खेळाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. तो खेळायला घरात दुसरं माणूस लागतं. 'आजही हरलात?' असं विचारणारं कुणी नसेल, तर हरण्यात काय राहिलं? दोन महिने त्या टेबलाशी मी, समोर बावन्न पत्ते, आणि स्वयंपाकघरात सामसूम.

"उद्या दुपारपर्यंत पलंग खाली असेल," मी म्हणालो.

हेडबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "भाऊजी, तो पलंग तुमच्या लग्नात वर गेला तेव्हा चार माणसं लागली होती. त्यांतला एक नंतर वर्षभर कंबर धरून चालायचा."

"मी आयुष्यभर गोदामाचा व्यवस्थापक होतो. सामान हलवणं मला शिकवू नका."

"तुम्ही सामान हलवायला सांगायचात. हलवायचे हमाल."

"पलंग नसला खाली, तर गाडी सरळ तुमच्याकडे वळवा. मी एक शब्द बोलणार नाही."

"मी काय सामान आहे का, वळवायला?" बायको पहिल्यांदाच बोलली. मग म्हणाली, "पण ठीक आहे. पलंग खाली असला तर घरी. नसला तर छोटीकडे. मला काय, पाठ टेकायला जागा हवी."

हे तिने ज्या सुरात सांगितलं त्यावरून तिला कुठे जायचंय ते मला कळलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिने तो सूर फार जपून ठेवलाय.

सकाळी मिस्त्री आला. म्हणजे सुतार, पण आमच्या भागात त्याला सगळे मिस्त्रीच म्हणतात. काम अगदी सरळ होतं. वरच्या खोलीत पलंगाचे स्क्रू काढायचे, तुकडे खाली आणायचे, बाहेरच्या खोलीत पुन्हा जोडायचे. एका चहाचं काम. अडचण एकच होती, की पलंगाच्या डोक्याकडचे दोन स्क्रू मोठ्या कपाटाच्या आड गेले होते. म्हणजे कपाट हातभर सरकवायला हवं होतं.

कुठलाही शहाणा माणूस कपाट हातभर सरकवून मोकळा झाला असता. पण जेवणाच्या टेबलावर माझा कालचा अडलेला डाव तसाच मांडलेला होता, आणि मिस्त्री चहाचा कप हातात घेऊन त्याच्यापुढे थांबला.

"काका, ही इस्पिकची सत्ती त्या बदामाच्या अठ्ठीवर जाते की."

मी दचकलो. खरंच जात होती.

"तुम्ही खेळता?"

"मोबाईलवर. रोज. बायको म्हणते तो टाकून दे नाहीतर मला टाक." त्याने चहाचा घोट घेतला. "पण तुमचं अवघड आहे हां काका. खऱ्या पत्त्यांत मागे घ्यायचं बटण नाही."

"मागे घेणाऱ्याला मी खेळाडू मानत नाही."

"मी तर निम्मा डाव मागेच घेत असतो," तो प्रांजळपणे म्हणाला.

त्या क्षणी आमची मैत्री झाली आणि पलंगाचं वाटोळं झालं. कारण दोन खेळाडू एकत्र आल्यावर कपाट हातभर सरकवणं ही फारच हलकी गोष्ट वाटायला लागते. मी सगळ्या घराकडे एक नजर टाकली आणि माझ्या डोळ्यांसमोर मांडणी उभी राहिली. खोल्या म्हणजे रांगा. पलंग म्हणजे खाली गाडला गेलेला एक्का. त्याच्यावर कपाट, कपाटापुढे ट्रंक, ट्रंकेपुढे शिवणयंत्र. एक्का सोडवायचा तर आधी बाहेरची खोली पूर्ण रिकामी करायची आणि ती काही झालं तरी जपायची.

"मोकळी घरं किती?" मिस्त्रीने लगेच विचारलं. माणूस जाणकार होता.

आम्ही मोजली. व्हरांडा, जिन्याखालचा कोनाडा, मागची पत्र्याची शेड, आणि शेजारच्या वकीलबाईंचं गॅरेज. बरोब्बर चार. आम्ही एकमेकांकडे बघितलं. असा योग रोज येत नाही.

वकीलबाई भल्या. त्यांनी आपली गाडी रस्त्यावर काढून गॅरेज झाडून दिलं. "हवं तेवढं ठेवा, रात्रभर राहू दे," म्हणाल्या. आम्ही तिथे एक तिपाई ठेवली.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

"एका घरात एकच," मी म्हणालो.

"नियम आहे," मिस्त्रीने दुजोरा दिला.

वकीलबाईंनी आयुष्यभर वकिली केली, पण हा नियम त्यांच्या वाचनात आला नसावा. त्या तिपाईभोवती एक चक्कर मारून आत गेल्या.

व्हरांड्यात एक वेताची खुर्ची गेली. शेडमध्ये कपडे वाळत घालायचा स्टँड. चौथं घर भरताना हात चुरचुरला पाहिजे हे मला आठवत होतं, चुरचुरलाही. पण मिस्त्रीच्या हातातली अवजारांची पेटी सारखी मधे येत होती, म्हणून या वेळेपुरतं म्हणून ती आम्ही जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवली.

बाकी सगळं सामान दुसऱ्या रांगांत, म्हणजे स्वयंपाकघरात आणि मागच्या खोलीत, मोठ्यावर लहान असं चढवत नेलं. मिस्त्री तर कलावंत निघाला. शिसवी टेबलावर फिकट टीपॉय, टीपॉयवर बाजाची काळी पेटी, पेटीवर पांढरं स्टूल. "गडदवर फिकट, फिकटवर गडद," तो पुटपुटत होता. सोफा उभा करून फ्रिजला टेकवला. फ्रिज आता उघडत नव्हता, पण दिसायला रचना सुंदर होती. गोदामात असताना मला अशी थप्पी लावणारा एकही माणूस मिळाला नाही, नाहीतर मी कधीच बडतर्फ झालो असतो.

दुपार झाली तेव्हा बाहेरची खोली लख्ख रिकामी होती. सोफा नाही, टीपॉय नाही, शोकेस नाही, कुंड्या नाहीत. लग्न झाल्यापासून मी त्या खोलीची फरशी सलग बघितली नव्हती. बोललं की आवाज घुमत होता.

"वा," मिस्त्री म्हणाला.

"वा," मी म्हणालो. दोघंही दारात उभे राहून काही वेळ रिकामी रांग बघत होतो. पलंग वर होता तसाच होता.

मग आम्ही कपाटाकडे वळलो आणि इथे मतभेद झाला.

"हा राजा," मिस्त्री कपाटावर थाप मारून म्हणाला. "रिकाम्या रांगेत राजाच ठेवायचा. सरळ खाली नेऊ, बाहेरच्या खोलीत."

"तो दुसऱ्या खेळातला नियम, मिस्त्री. फ्रीसेलमध्ये रिकाम्या रांगेत काहीही ठेवता येतं. म्हणूनच काहीही ठेवायचं नसतं."

"राजा तो राजा, काका. तो आत्ता बसवला नाही तर शेवटी नडतो."

"आणि आत्ता बसवला तर पलंग कुठे टाकणार? तुमच्या डोक्यावर?"

"तुम्ही फार जपून खेळता."

"आणि तुम्ही बटणाच्या जिवावर खेळता."

हे त्याला लागलं. आम्ही आपापल्या बाजूने कपाट ढकलायला लागलो. शेवटी तडजोड झाली. कपाट खाली न्यायचं नाही, खोलीतही ठेवायचं नाही. जिन्याच्या मधल्या चौकात तात्पुरतं उभं करायचं. तडजोड म्हणजे दोन शहाण्यांनी मिळून केलेला एक मूर्खपणा, हे मी बऱ्याच बैठकांत बघितलं होतं. स्वतः उचलून बघायची वेळ पहिल्यांदाच आली.

कपाट जिन्याने दिमाखात उतरलं. आम्ही दोघंही वरच्या बाजूने ते धरून होतो, कारण खाली उभं राहण्याइतका विश्वास कुणाचाच कुणावर नव्हता. वळणावर ते थोडं तिरकं झालं, करकरलं आणि थांबलं. डावा खांदा भिंतीत, उजवा पाय कठड्यात. पुढे जाईना, मागे येईना. आम्ही ढकललं. ओढलं. मिस्त्रीने त्याला शिव्या दिल्या, मी समजावून सांगितलं.

"स्क्रू ड्रायव्हर मिळाला तर वरची पट्टी काढतो," मिस्त्री म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

"मग काढा."

तो माझ्याकडे बघत राहिला. "पेटी खाली आहे. जिन्याखाली."

चौथ्या घरात.

जिना तेवढा एकच. वर पलंग, खाली अवजारं, मधे राजा, आणि राजाच्या मागे आम्ही. मी वरच्या पायरीवर बसलो. हा डाव मी ओळखत होतो. रोज दुपारी टेबलावर जो पसरलेला असतो तोच. फक्त या वेळी त्यातला एक पत्ता मी होतो.

"आत्ता ते बटण हवं होतं, काका," मिस्त्री हळूच म्हणाला. माझ्या मनात बटणाविषयी प्रथमच आदर निर्माण झाला होता.

खिडकीतून वकीलबाईंना हाक मारावी असं मिस्त्रीने सुचवलं. मी म्हणालो, थांबा, विचार करू. खरं म्हणजे त्यांना ती तिपाई समजावून सांगायची माझी तयारी नव्हती. विचार चालू असतानाच बाहेर गाडीचा आवाज आला. दार वाजलं. मग हेडबाईंचा आवाज, आणि तो घुमला:

"भाऊजी! पलंग कुठाय?"

"वर."

"आणि तुम्ही?"

"वर."

"खाली या."

"तेवढं सोडून बोला."

पावलं जिन्यापर्यंत आली. कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत आधी एक चष्मा दिसला, मग एक डोळा. तो डोळा कपाटावरून माझ्यावर, माझ्यावरून मिस्त्रीवर आणि मिस्त्रीवरून पुन्हा माझ्यावर आला. शाळेतल्या किती पिढ्या या डोळ्याखालून गेल्या असतील या विचाराने मला त्या मुलांविषयी कळवळा वाटला.

"हे काय आहे?"

"तात्पुरती व्यवस्था," मी म्हणालो.

"स्वयंपाकघरात सोफा उभा आहे, भाऊजी."

"तो बरोबर आहे."

"गडदवर फिकट," मिस्त्रीने माझ्या मागून सांगितलं. मी त्याला कोपराने गप्प केलं.

डोळा नाहीसा झाला. "ताई, तू उतरूच नकोस," हेडबाई बाहेर जात म्हणाल्या. "इथे बसायला खुर्चीसुद्धा ठेवलेली नाही. चल माझ्याकडे. गाडी चालूच आहे."

मी पायरीवरून उठलो. ओरडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की काय ओरडायचं ते ठरलेलं नाही. 'जाऊ नकोस' म्हणावं, तर तिला कुठे झोपवणार? शब्द मी स्वतःच दिला होता. एक अक्षर बोलणार नाही, असं. कपाटावर हात ठेवून मी नुसता उभा राहिलो. मिस्त्रीने जमिनीकडे बघितलं. तेवढी समज त्याला होती.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. पण गाडी निघाल्याचा नाही. मग टक्, असा आवाज आला. मग पुन्हा टक्. वॉकरचे रबरी पाय फरशीवर टेकत होते.

कपाटाच्या डोक्यावर एक वीतभर फट होती. मी टाचा उंचावून पाहिलं. त्या फटीतून बाहेरच्या खोलीचा एक पट्टा दिसत होता, आणि त्या पट्ट्यात माझ्या बायकोचं डोकं आलं. तिने आधी उंबऱ्यापाशीच थांबून खोली बघितली. मग वॉकर उचलून पुढे ठेवला. एक पाय, दुसरा पाय. टक्. ती पट्ट्यातून गेली. खिडकीपर्यंतचे टक् टक् ऐकू आले. तिथे थांबली. वळली असावी, कारण डोकं पुन्हा आलं, या वेळी तोंड माझ्या बाजूला. ती खाली बघत नव्हती. इस्पितळात ती पावलापावलाला खाली बघायची. खाटांचे पाय, सलाईनचे स्टँड, लोकांच्या पिशव्या.

"ताई, पुरे. दमशील," हेडबाई म्हणाल्या.

"इथे चालता येतं गं," बायको म्हणाली. एवढंच. आणि आणखी एक फेरी मारली.

मी श्वास रोखून ऐकत होतो. शेजारी मिस्त्रीनेही रोखला होता.

"छोटे," फेरी संपल्यावर ती म्हणाली, "तुझ्याकडे काचेचं टीपॉय आहे. गालिचा आहे. आणि तो पितळी हत्ती. धडधाकट असताना दोनदा ठेचकाळलेय मी त्याला."

"हत्ती हलवते मी."

"त्याला कुठे ठेवशील? तुझ्या घरात टाचणी ठेवायला जागा नाही. मी इथेच राहते."

"आणि झोपशील कुठे? फरशीवर?"

याचं उत्तर मी तर सकाळपासून शोधत होतो. मग बायकोचा तो जपून ठेवलेला सूर आला:

"तुझा पलंग पाठव की. उंच करून घेतलाच आहेस."

असली शांतता मी हेडबाईंच्या बाबतीत पूर्वी कधी ऐकली नव्हती.

"म्हणजे पलंग माझा, मदतीची बाई माझी, आणि घर ह्यांचं?"

"आणि ह्यांना तिथून काढायला तरी कुणी हवं ना," बायको म्हणाली.

हेडबाई हट्टी आहेत, पण माणूस सोन्यासारखं. दहा वाक्यं बोलल्या, त्यांतली नऊ माझ्याविषयी होती, आणि दहाव्यात त्यांनी टेम्पोवाल्याला फोन लावला. तोवर वकीलबाईंच्या घरून एक उंच लाकडी खुर्ची आली. वकीलबाईंनी ती आणताना सोबत आमची तिपाईही परत आणली आणि मला फटीतून दाखवली. "ही तुम्हाला लागेल ना?" त्या म्हणाल्या. त्या भल्या आहेत असं मी वर म्हटलंय. ते मी मागे घेत नाही.

पलंग आला आणि दोन माणसांनी तो दारातून सरळ आत आणून खिडकीशी ठेवला. कुठे अडला नाही, कुठे घासला नाही, कुणी 'जरा धरा' म्हणालं नाही. रिकाम्या रांगेत पत्ता ठेवावा तसा ठेवला. मी फटीतून बघत होतो. मला भरून आलं.

"बघा," मी मिस्त्रीला म्हणालो. "राजा खाली नेला असता तर?"

"पटलं," तो म्हणाला. "पण आपण केव्हा खाली जायचं?"

हेडबाईंनी स्वतः कोनाड्यातली पेटी उघडून स्क्रू ड्रायव्हर फटीतून दिला. "हा घ्या. आणि भाऊजी, तो पुन्हा कुठे जपून ठेवू नका." मिस्त्रीने पट्टी काढली, कपाटाने सुस्कारा टाकल्यासारखा आवाज केला आणि आम्ही ते पुन्हा वर ओढलं. ओढून ठेवलं ते नेमकं पहिल्या जागेपासून हातभर अंतरावर. पलंगाचे दोन्ही स्क्रू आता हाताशी होते. ते आम्ही एकमेकांना दाखवले नाहीत.

जाताना मिस्त्री माझ्या टेबलापाशी थांबला. टेबल म्हणजे त्या थप्पीचा खालचा थर. कालचा डाव त्याच्यावर टीपॉयच्या पायांमधे अजून शाबूत होता. त्याने हात घालून इस्पिकची सत्ती उचलली, बदामाच्या अठ्ठीवर ठेवली आणि पैसे न घेताच निघाला. मी मागे धावून ते दिले. काम झालं नव्हतं, पण साथ चांगली दिली होती.

संध्याकाळी हेडबाई घरी गेल्या. मदतीची बाई सकाळी येणार होती. बाहेरच्या खोलीत एक पलंग, पलंगावर बायको, आणि भोवती सगळी मोकळी फरशी. सोफा अजून फ्रिजला टेकून उभा होता. मी टेबलावरचे पत्ते काढून आणले आणि फरशी सोडून दुसरी सपाट जागा नसल्यामुळे पलंगाच्या पायथ्याशी बसून चादरीवर मांडले. आठ रांगा.

मन भरून आलं होतं, त्यामुळे मी बोलायला लागलो. म्हणालो, लोक हसले तर हसू देत, पण आज जे घडलं ते अपघाताने घडलेलं नाही. मी मोकळी घरं भरली ही चूक झाली, कबूल. कपाट अडलं, तेही कबूल. पण मूळ तत्त्व मी सोडलं नाही. सगळं घर एकीकडे आणि रिकामी रांग एकीकडे. ती राखली म्हणून तू चालू शकलीस, म्हणून तुझ्या बहिणीचा पलंग आत येऊ शकला, म्हणून तू आत्ता इथे आहेस. जे हातात आहे ते सगळे खेळतात. जिथे काही नाही ती जागा ज्याला खेळता आली, त्याला डाव कळला आणि ज्याला डाव कळला त्याला, एका अर्थाने, संसार कळला.

बायकोने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही हुंकार दिला नाही, त्यामुळे तिला पटत असावं असं मला वाटलं. मी चौकटची राणी उचलली आणि ती कुठे ठेवावी याचा विचार करू लागलो.

"अहो," ती म्हणाली, "जरा सरकता का? मला पाय लांब करायचेत."